विमापात्रतेचा अर्थ : यवतमाळ जिल्ह्यातील पीकविम्याच्या परिभाषेची चिकित्सा

१

विमाव्यवहाराच्या मराठी परिभाषेत 'विमायोग्य' आणि 'विमापात्र' हे दोन शब्द सामान्यतः एकाच अर्थाने वापरले जातात. दोहोंचा उपयोग एकच परकी विशेषण मराठीत आणण्यासाठी होत असल्यामुळे त्यांतील भेदाकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु मराठीची समासघटना पाहिली असता हा भेद उपेक्षणीय वाटत नाही. 'योग्य' हे उत्तरपद ज्या शब्दांत येते ते शब्द बहुधा वस्तूच्या अंगचा गुण सांगतात. जमीन लागवडयोग्य असते, पाणी पिण्यायोग्य असते. 'पात्र' हे उत्तरपद मात्र कायद्याच्या व कारभाराच्या मराठीत येते तेव्हा ते वस्तूविषयी एखाद्या अधिसत्तेने घेतलेला निर्णय सांगते. करपात्र, दंडपात्र, दखलपात्र, जामीनपात्र हे शब्द या वर्गातले होत. गुन्हा जामीनपात्र ठरतो तो संहितेच्या अनुसूचीत त्याच्यापुढे तसा शब्द लिहिलेला असतो म्हणून.

या भेदातून एक मूलगामी प्रश्न उपस्थित होतो. शेतातले उभे पीक विम्याला 'योग्य' असते की 'पात्र' असते? विमा उतरवता येणे हा त्या पिकाचा आणि त्यावर येणाऱ्या संकटाचा गुण आहे, की त्या पिकाविषयी कोणीतरी लिहिलेल्या एका वाक्याचा परिणाम आहे? विमाशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुधा पहिला पक्ष स्वीकारतात. यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास दुसऱ्या पक्षाला बळकटी देतो. पीकविम्याच्या परिभाषेची चिकित्सा करून हा दुसरा पक्ष कितपत टिकतो आणि तो टिकल्यास त्या परिभाषेवर कोणती जबाबदारी येते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

'विमा' हा शब्द मराठीत फारसीतून हिंदुस्थानीच्या वाटेने आला. त्याच्याशी मराठीने जोडलेली क्रियापदे मात्र देशी आहेत : विमा 'काढतात' आणि विमा 'उतरवतात'. डोक्यावरचे ओझे उतरवावे तशी जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर उतरवायची, ही कल्पना दुसऱ्या क्रियापदात स्पष्ट दिसते. खुद्द 'जोखीम' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, संकटाची शक्यता. दुसरा, जवळ बाळगलेले सोने-नाणे किंवा मौल्यवान ऐवज. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको' असे म्हणणारा मनुष्य ऐवजाविषयीच बोलत असतो. धोका आणि ज्याला धोका आहे ती वस्तू या दोहोंना एकच नाव देणाऱ्या भाषेला विम्याचे तत्त्व अपरिचित होते असे म्हणता येणार नाही. देशी व्यापारातील 'जोखमी हुंडी' हा याचा पुरावा होय. माल सुखरूप पोचला तरच ही हुंडी देय होई. माल वाटेत बुडाला तर हुंडीचे पैसे मागता येत नसत. कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच कागदात सामावले होते.

जोखमी हुंडीत विम्याचा विषय स्पष्ट असे. माल मोजलेला असे, मार्ग ठरलेला असे आणि 'पोचला' की 'पोचला नाही' एवढ्या एकाच प्रश्नावर सारा निर्णय अवलंबून असे. यवतमाळच्या कापसाच्या बाबतीतही ही सीमा नेमकी दाखवता येते. जिनात सरकी वेगळी होऊन रुई दाबली गेली आणि गाठ बांधली गेली की तो कापूस आग, चोरी, वाहतूक या सर्वांविरुद्ध निर्वेधपणे विमापात्र होतो. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची 'शकुंतला' रेल्वे ज्या गाठी वाहून नेत असे त्या गाठींचे वजन होते, त्यांवर खूण होती आणि त्यांचा मालक कोण हे कागदावर लिहिलेले होते. तोच कापूस पऱ्हाटीवर बोंडाच्या रूपाने उभा असतो तेव्हा त्याला यांपैकी काहीही नसते. ज्याच्यावर संकटे सर्वांत अधिक, त्या अवस्थेतच कापूस विम्याच्या भाषेला सर्वांत कमी सापडतो.

३

विमाशास्त्र विमापात्रतेच्या ज्या अटी सांगते त्यांचे सार असे देता येईल. नुकसान आकस्मिक असावे. ते केव्हा, कोठे व किती झाले हे निश्चित सांगता यावे. सारख्या स्वरूपाच्या जोखमी पुष्कळ असाव्यात. त्या सर्वांवर संकट एकाच वेळी कोसळू नये. आणि हप्ता परवडण्याजोगा असावा. याखेरीज कायद्याची एक अट आहे. विमा घेणाऱ्याचा त्या वस्तूत 'विमाहित' म्हणून ओळखला जाणारा संबंध असला पाहिजे, म्हणजे वस्तू नष्ट झाल्याने त्याचे खरोखर काही बिघडले पाहिजे. इंग्लंडात १७७४ च्या कायद्याने हे तत्त्व आयुर्विम्याला लागू केले आणि भारतातील १९६३ च्या सागरी विमा कायद्यात त्याची व्याख्या आहे. या अटीचे प्रयोजन उघड आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्यवत असतो आणि विमाहित वगळले तर विमा व पैज यांत रूपदृष्ट्या काहीच अंतर उरत नाही. एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत लोक पैसे लावीत. त्यांना कापसाच्या भावाविषयी वाटणारी उत्कंठा वऱ्हाडातील शेतकऱ्याहून कमी नव्हती. पण त्यांचा कापसाशी काही संबंध नव्हता.

या अटी यवतमाळच्या कोरडवाहू कापसाला लावून पाहिल्या तर निष्पत्ती निराशाजनक येते. पावसाने ओढ दिली तर ती एका शेतावर न देता तालुकेच्या तालुक्यांवर देते. म्हणजे संकट सर्वांवर एकाच वेळी कोसळते. उत्पन्न घटण्यात निसर्गाचा वाटा किती आणि मशागतीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पाच-सहा महिने उभ्या राहणाऱ्या, अनेक वेळा वेचल्या जाणाऱ्या पिकाचे नुकसान कोणत्या दिवशी झाले हे बहुधा सांगता येत नाही. केवळ पाठ्यपुस्तकाच्या न्यायाने पाहिले तर यवतमाळचा कापूस विमायोग्य नाही. तरीही आज तो विमापात्र आहे. हे कसे घडले, हे पाहणे येथे अगत्याचे आहे.

४

भारतातील पीकविम्याचा विचार जुना आहे. म्हैसूरचे जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेतीच्या विम्याची एक व्यवहार्य योजना मांडली. प्रत्येक शेताचे नुकसान मोजण्याचा खटाटोप सोडून पर्जन्यमान मोजावे आणि त्यावरून भरपाई द्यावी, असे तिचे सूत्र होते. प्रत्यक्ष प्रयोगाला मात्र १९७२ साल उजाडावे लागले. गुजरातेत संकरित-४ या कापसाच्या वाणावर प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतंत्र विमा उतरवण्याची योजना सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रासह इतर काही राज्यांत गेली. १९७८-७९ पर्यंत चाललेल्या या योजनेत एकंदर ३,११० शेतकरी आले, हप्त्यापोटी ४.५४ लाख रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी ३७.८८ लाख रुपये द्यावे लागले. जमेच्या आठपटीहून अधिक खर्च झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली : एकेकट्या शेतकऱ्याचे एकेकटे शेत विमाकंपनीच्या हिशेबात बसत नाही.

यावर तोड सुचवली ती पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी. विम्याचा घटक व्यक्ती न मानता क्षेत्र मानावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका क्षेत्रातील सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्यावी. म्हणजे विम्याच्या भरवशावर होणारी हयगय टळते, प्रत्येक बांधावर जाऊन पाहणी करावी लागत नाही आणि खर्च आटोक्यात राहतो. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९-२००० च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा पाया हाच आहे.

या परंपरेतील एक तपशील प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९८५ च्या योजनेत तृणधान्ये, कडधान्ये आणि गळिताची पिके होती, कापूस नव्हता. ज्या पिकावर देशातील पीकविम्याचा पहिला प्रयोग झाला तेच पीक पुढील योजनेच्या यादीत नव्हते आणि १९९९ नंतरच्या योजनेत नगदी पिकांबरोबर ते पुन्हा आले. या मधल्या वर्षांत यवतमाळच्या एका शेतकऱ्याने आपल्या दहा एकरांपैकी चार एकरांत ज्वारी आणि सहा एकरांत कापूस पेरला असेल, तर धुऱ्याच्या अलीकडचे पीक विमापात्र होते आणि पलीकडचे नव्हते. दोहोंवर पाऊस तोच पडत होता. १९९९ मध्ये जमीन बदलली नाही, पाऊस बदलला नाही, यादी बदलली.

ही यादी म्हणजे 'अधिसूचना'. इंग्रज तत्त्ववेत्ता ऑस्टिन याने १९५५ च्या व्याख्यानांत आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखवले की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारण्यानेच एक वस्तुस्थिती निर्माण होते. 'अमुक महसूल मंडळात अमुक पीक अधिसूचित करण्यात येत आहे' हे वाक्य याच जातीचे आहे. हप्त्याच्या बाबतीतही हेच दिसते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकांसाठी ५ टक्के या मर्यादेत ठरवलेला आहे. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासन भरते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरावा असे ठरले आणि २०२५ च्या खरिपात ही सवलत संपली. हप्ता परवडण्याजोगा असणे ही विमापात्रतेची अट पीक पुरी करीत नाही. ती तिजोरी पुरी करते.

५

येथवरच्या विवेचनावरून विमापात्रता ही लेखनाने निर्माण होते, एवढे मान्य व्हावे. आता प्रश्न असा की या लेखनात नेमका कशाचा विमा उतरवला जातो?

योजनेच्या नावात 'पीक' आहे, अर्जात शेतकऱ्याचे नाव आहे आणि त्याच्या शेताचा गट क्रमांक आहे. साहजिकच शेतकरी असे समजतो की आपल्या शेतातील आपल्या पिकाचा विमा उतरला. भरपाईचे सूत्र मात्र निराळे बोलते. मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पन्नाच्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे, आणि येईल ते 'उंबरठा उत्पादन' मानायचे. चालू हंगामात महसूल मंडळात किमान दहा पीक कापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढायचे. अलीकडे उपग्रहाच्या साहाय्याने काढलेल्या अंदाजालाही यात स्थान मिळाले आहे. ही सरासरी उंबरठ्याच्या खाली जेवढी जाईल तेवढ्या प्रमाणात भरपाई द्यायची.

उदाहरणादाखल असे धरावे की एका मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो आहे, प्रयोगांती सरासरी ८०० किलो आली आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. घट २० टक्के. म्हणून मंडळातील प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी १०,००० रुपये मिळतील. ज्याच्या शेतात एक दाणा झाला नाही त्यालाही १०,००० आणि ज्याला १,२०० किलो झाले त्यालाही १०,०००. सरासरी १,००० किलो आली तर दाणा न झालेल्यालाही काही मिळणार नाही. म्हणजे या व्यवहारात विम्याचा विषय कोणाचेही पीक नाही. विमा उतरला आहे तो एका संख्येचा. जी वस्तू कोणाच्याही शेतात उगवत नाही, जिला कोणी पाणी देत नाही आणि जी कोणाच्याही घरात येऊन पडत नाही, ती 'मंडळाची सरासरी' ही वस्तू विमापात्र झाली आहे.

या पद्धतीत संख्याशास्त्राचा दोष नाही. नमुना-निवडीवर आधारलेली पीक कापणी प्रयोगांची पद्धती पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या परिश्रमांनी १९४० नंतरच्या काळात दृढ झाली. त्यापूर्वी गावकामगारांच्या नजरअंदाजावर ठरणाऱ्या आणेवारीपेक्षा ती निःसंशय अधिक विश्वसनीय आहे. परंतु सरासरी हे समूहाविषयीचे विधान आहे. त्यातून एका व्यक्तीविषयी काहीही निष्पन्न होत नाही, ही गोष्ट तिच्या प्रवर्तकांनी कधी लपवली नव्हती. दांडेकरांच्या विवेचनातही क्षेत्र हाच घटक आहे हे उघडपणे सांगितलेले होते. दोष शिरला तो योजनेचे नाव ठेवताना. विषय बदलला आणि नाम तेच राहिले. 'पीक विमा' या समासाचा विग्रह शेतकरी 'पिकाचा विमा' असा करतो. योजनेच्या आशयाप्रमाणे तो 'पिकाच्या मंडळनिहाय सरासरीचा विमा' असा करावा लागेल. जो समास ऐकणाऱ्याला एक विग्रह सुचवतो आणि लिहिणाऱ्याला दुसरा अभिप्रेत असतो, तो व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही व्यवहारदृष्ट्या सदोष होय.

६

विमापात्रतेच्या परिभाषेत दुसरी अडचण कर्त्याविषयी आहे. वऱ्हाडात 'उतारा' हा शब्द एकरी उत्पन्नासाठी वापरतात. 'यंदा उतारा कमी आला' असे म्हणतात. तोच शब्द सातबाऱ्याच्या नकलेसाठीही आहे. विम्याला दोन्ही उतारे लागतात आणि ते एकाच माणसाजवळ असावे लागतात. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे नसते. जो मक्त्याने किंवा बटईने शेती करतो त्याच्या अंगावर बियाण्याचा, खताचा, फवारणीचा खर्च असतो; पीक गेले तर त्याचेच जाते. कायद्यातील 'विमाहित' या कल्पनेचा खरा धनी तोच. परंतु मक्ता बहुधा तोंडी असतो आणि योजनेला नोंदणीकृत भाडेकरार हवा असतो. अशा रीतीने ज्याचे हित आहे त्याला कागद नाही आणि ज्याच्याजवळ कागद आहे त्याचे मक्त्याचे पैसे अगोदरच वसूल झालेले असू शकतात. विमा व पैज यांना वेगळे ठेवणारी जी अट कायद्याने कष्टाने घडवली, ती कागदाच्या अटीपुढे येथे नमते.

तिसरी अडचण क्रियापदाची आहे. नुकसानीची सूचना घटनेपासून ७२ तासांच्या आत द्यावी, असा स्थानिक आपत्तीसाठी नियम आहे. या नियमाला अशी घटना हवी जिचे वर्णन पूर्ण भूतकाळात आणि तारखेसह करता येईल : 'गारपीट झाली', 'शेत जलमय झाले'. कापसाच्या नुकसानीचे वर्णन शेतकरी ज्या क्रियारूपांनी करतो ती वेगळी आहेत. 'पाती गळत गेली', 'लाल्या पसरत गेला', 'बोंड आतून किडत गेलं'. मराठीतील 'जाणे' हे सहायक क्रियापद येथे क्रमाक्रमाने होणाऱ्या, आरंभ नेमका सांगता न येणाऱ्या क्रियेचा बोध करून देते. 'नापिकी' हे नामही याच वळणाचे आहे. त्याला 'झाली' हे क्रियापद लागत असले तरी ती कोणत्या दिवशी झाली असा प्रश्न मराठी माणूस विचारणार नाही. 'नुकसान' या शब्दाला मोजमाप आहे, 'नापिकी'ला फक्त काळ आहे. आणि विम्याचा करार 'नुकसान' या शब्दावरच उभा आहे.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाचे जे झाले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून पीक हिरवे दिसते आणि बोंड फुटताना नुकसान उघड होते. त्या वर्षी राज्य शासनाने जाहीर केलेल्या मदतीचे तीन स्रोत सांगितले होते : आपत्तीनिवारणाचा निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्या. म्हणजे एकाच बोंडातील एकाच अळीला तीन नावे द्यावी लागली. निधीच्या भाषेत ती 'आपत्ती' होती, विम्याच्या भाषेत 'सरासरीतील घट' आणि बियाण्याच्या कायद्याच्या भाषेत 'सदोष माल'. पहिल्या नावात कोणीच दोषी नाही, दुसऱ्यात दोषाचा प्रश्नच नाही आणि तिसऱ्यात प्रतिवादी आहे. कोणत्या नावाने हाक मारावी यावर पैसे कोणाकडून व कधी मिळणार हे अवलंबून होते.

व्याख्येतील बदल किती निर्णायक असतो याचे आणखी एक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात आलेल्या पुरात आनंदनगर येथील लोकांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. त्या वर्षी पीकक्षेत्र जलमय होणे ही योजनेत स्वतंत्र, शेतनिहाय विमापात्र घटना होती. २०२५ च्या खरिपासाठी राज्याने योजना सुधारली तेव्हा स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे व काढणीपश्चात नुकसान ही चारही कलमे गळली आणि केवळ कापणी प्रयोगांवरची सरासरी उरली. त्याच पावसाळ्यात विदर्भ व मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. २०२३ मध्ये पाण्याखाली गेलेले शेत विम्याच्या भाषेत 'शेत' होते. २०२५ मध्ये ते सरासरीचा एक नगण्य अंश झाले. रोही आणि रानडुकरे यांची कथा याच्या उलट आहे. टिपेश्वरच्या परिसरातच काय, जिल्ह्यात जेथे जेथे रान शेताला भिडते तेथे रात्रीची जागल हा शेतीचाच भाग आहे. तरीही वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान सर्वसाधारण संरक्षणाच्या बाहेर राहिले. २०२६ च्या खरिपापासून ते स्थानिक जोखमींत घेण्याचे केंद्र शासनाने २०२५ च्या नोव्हेंबरात घोषित केले. रानडुकराने यासाठी आपल्या सवयीत काही बदल केलेला नाही.

७

पिकाकडून माणसाकडे वळल्यावर ही परिभाषा अधिक कठोर होते. २०१७ च्या पावसाळ्यातच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे वीस जणांचा मृत्यू झाला. त्यांत शेतमजुरांचा भरणा मोठा होता. त्या वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना अस्तित्वात होती आणि कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा तिच्यातील अपघातांत मोडत होती. परंतु ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यांपुरती होती. एकाच बांधावर एकाच पंपाने फवारणाऱ्या दोघांपैकी एकाचा मृत्यू विमापात्र अपघात होता आणि दुसऱ्याचा नव्हता. २०२३ मध्ये या योजनेची जागा 'अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान' योजनेने घेतली. 'विमा' जाऊन 'सानुग्रह अनुदान' आले हा बदल केवळ शीर्षकातील नाही. विम्याच्या रकमेवर हप्त्यामुळे हक्क उत्पन्न होतो. अनुग्रहावर हक्क सांगता येत नाही. उलट, विम्यात कंपनी नकार देऊ शकते आणि वाद उरतो. अनुग्रहात दाता शासनच असते. कोणता शब्द अधिक हिताचा, हे ठरवणे सोपे नाही. दोन्ही शब्द एका अर्थाचे नाहीत, एवढे मात्र निश्चित.

या जिल्ह्याचे नाव ज्या दुःखाशी जोडले गेले आहे, त्याच्या बाबतीत तर 'पात्र' या शब्दाने आपला समासातील संकोचही सोडला आहे. आत्महत्या ही अपघाताच्या योजनेबाहेर राहते. तिच्यासाठी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसांना एक लाख रुपयांची मदत देण्यात येऊ लागली आणि तिच्या कसोट्या ठरल्या : अधिकृत संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, नापिकीमुळे त्याची परतफेड न होणे, आणि वसुलीचा तगादा. या कसोट्यांना उतरलेली प्रकरणे 'पात्र' आणि न उतरलेली 'अपात्र'. प्रथम 'मदतीस पात्र वारस' असा प्रयोग असणार. पुढे 'पात्र प्रकरण'. आणि आज वृत्तपत्रांत व सरकारी तक्त्यांत 'पात्र आत्महत्या' व 'अपात्र आत्महत्या' असे शब्दप्रयोग निःसंकोच छापले जातात. विशेषण वारसावरून प्रकरणावर आणि प्रकरणावरून मृत्यूवर सरकले. असे विशेषणाचे स्थलांतर भाषेच्या इतिहासात नेहमी आढळते आणि त्यामागे बहुधा संक्षेपाची प्रवृत्ती असते. परंतु या स्थलांतराचा परिणाम असा झाला की ज्या घरात कर्ज नात्यातल्या माणसाकडून घेतलेले होते, किंवा शेत आजोबांच्या नावावर होते, त्या घरातील मृत्यूला शासकीय कागदावर 'अपात्र' हे विशेषण लागले. मराठीत 'अपात्र' हा शब्द माणसाच्या नालायकीचाही वाचक आहे, याचे भान तक्ता भरणाऱ्याला उरत नाही. वाचणाऱ्या कुटुंबाला ते असते.

८

या चिकित्सेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो सबळ आहे. कोणताही विमा व्याख्येवाचून चालू शकत नाही. 'पीक गेलं' या वाक्यावर भरपाई देऊ लागल्यास १९७२ च्या प्रयोगाची पुनरावृत्ती होईल. हजारोंच्या हप्त्यांतून जमलेला निधी काही थोड्यांत संपेल आणि उरलेल्यांना काहीच मिळणार नाही. सीमा आखल्याशिवाय सामुदायिक संरक्षण शक्य नाही. शिवाय काही जोखमी विम्याच्या चौकटीत न घेण्यास कारणे असतात. भावाची पडझड पीकविम्यात येत नाही, ती येऊ नये असेही म्हणता येईल. १९७२ पासून सुमारे तीन दशके चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत भावातील चढउतारासाठी वेगळा निधी ठेवण्याची तरतूद होती, ती याच जाणिवेने.

हा आक्षेप स्वीकारूनही निबंधाचे प्रतिपाद्य बाधित होत नाही. सीमा आखाव्या लागतात, हे खरे. परंतु आखलेल्या सीमेला निसर्गाची सीमा म्हणणे खरे नाही. १९८५ मध्ये कापूस वगळला, २०२३ मध्ये जलमय शेत धरले, २०२५ मध्ये सोडले, रानडुकराला इतकी वर्षे ओळखले नाही : हे सारे निर्णय होते आणि प्रत्येक निर्णयाला कर्ता होता. 'विमायोग्य नाही' या वाक्यात हा कर्ता लुप्त होतो, कारण ते वाक्य वस्तूच्या गुणाचे वर्णन करण्याचा आव आणते. 'विमापात्र ठरवलेले नाही' या वाक्यात क्रियापद आहे, म्हणून 'कोणी?' असा प्रश्न विचारता येतो. ज्या जिल्ह्यात कुटुंबाचे वर्ष या एका विशेषणावर उभे राहते किंवा कोसळते, तेथे हा प्रश्न विचारता येणे ही लहान गोष्ट नाही.

यावरून परिभाषाकारांवर येणारी जबाबदारी दोन सूत्रांत सांगता येईल. पहिले असे की ज्याचा विमा उतरला त्याचेच नाव कराराला असावे. मंडळाची सरासरी विमापात्र असेल तर पावतीवर शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत तसे लिहावे : 'आपल्या मंडळाचे सरासरी उत्पन्न अमुक पातळीखाली गेल्यास रक्कम मिळेल, केवळ आपल्या शेतातील नुकसानीबद्दल मिळणार नाही'. हे वाक्य लांब आहे आणि योजनेची लोकप्रियता वाढवणारे नाही. पण ते खरे आहे. दुसरे असे की 'पात्र' आणि 'अपात्र' ही विशेषणे अर्जाला लावावीत, माणसाला नव्हे आणि त्याच्या मृत्यूला तर नव्हेच.

वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीला 'सीतादही' करण्याची रीत आहे. शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून मग वेचणीला हात घालतात. या विधीत आलेल्या पिकाचा उल्लेख असतो, न आलेल्या पिकासाठी मात्र कोणताही विधी नाही आणि कोणताही मंत्र नाही. न आलेल्या पिकाविषयी बोलण्याचे काम आधुनिक काळात विम्याच्या कागदाने पत्करले आहे. ते ज्या भाषेत तो करतो ती भाषा शेतकऱ्याला आपल्या शेताविषयीची वाटावी आणि प्रत्यक्षात ती तशी नसावी, ही या व्यवहारातील उणीव आहे. ती दूर करण्यास नवे गणित लागणार नाही. अचूक मराठी लागेल.